दार कुणी लावलं?

मोटरहोम किंवा कॅरॅव्हॅन घेऊन फिरणाऱ्यांना निघायच्या दिवशीची धांदल ठाऊक असते. टेकू दिलेले जॅक वर घ्यायचे, पायरी आत ढकलायची, विजेची वायर काढायची, पाण्याचा पाइप गुंडाळायचा, सांडपाण्याची टाकी रिकामी करून झडप लावायची, गॅस बंद करायचा, छतावरची अँटेना खाली घ्यायची, मागे ट्रेलर असेल तर जोडाची पिन आणि साखळ्या बघायच्या. एकेक काम दोन-दोन मिनिटांचं. पण ही कामं दोघा-तिघांत वाटलेली असतात आणि त्यातलं एखादं राहिलं, तर ते राहिलंय हे चालकाच्या जागेवरून दिसत नाही.

निघण्यापूर्वीचं एक काम राहिलं तर त्याचा परिणाम किती दूर जाऊ शकतो, हे समजून घ्यायला एका जहाजाचा घटनाक्रम नीट वाचावा, असं मला मनापासून वाटतं. ६ मार्च १९८७, शुक्रवार. बेल्जियमच्या झीब्रुग बंदरातून इंग्लंडच्या डोव्हरला निघालेली 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' ही फेरी धक्का सोडल्यापासून २३ मिनिटांत उलटली. १९३ माणसं गेली. वादळ नव्हतं, टक्कर नव्हती, आग नव्हती. पूर्वेकडून मंद वारा होता आणि समुद्र जवळजवळ सपाट होता. फक्त निघताना पुढचे दरवाजे लावायचे राहिले होते.

न्यायमूर्ती बॅरी शीन यांच्या चौकशी न्यायालयानं पुढे त्या संध्याकाळचा क्रम बारकाईनं उभा केला. खालच्या वेळा ग्रीनिचच्या घड्याळाप्रमाणे आहेत. बेल्जियममध्ये तेव्हा एक तास पुढची वेळ होती.

तीन वर्षं चार महिने आधी

२९ ऑक्टोबर १९८३. याच कंपनीची, याच बांधणीची दुसरी बोट 'प्राइड ऑफ फ्री एंटरप्राइझ' डोव्हरहून सुटते, तेव्हा तिचे पुढचे आणि मागचे, दोन्हीकडचे दरवाजे सताड उघडे असतात. दरवाजे लावायचं काम ज्याचं, त्या असिस्टंट बोसनचा (बोसन म्हणजे आपल्याकडचा सारंग) डोळा लागलेला असतो. काही विपरीत घडत नाही. बोट बुडत नाही, कुणाला खरचटत नाही.

ही घटना दप्तरात राहते. हेरल्डवर काम करणाऱ्या कप्तानांपर्यंत तिचा धडा पोचत नाही. झालेलं नुकसान शून्य, म्हणून धोकाही शून्य, असा हिशोब मांडला जातो. वास्तविक तीन वर्षांनंतरच्या संध्याकाळचं सगळं चित्र या एका प्रसंगात आलेलं होतं: एकाच माणसावर सोपवलेलं काम, त्या माणसाची झोप, आणि जहाज जिथून चालवतात त्या ब्रिजवर उभ्या असलेल्या कप्तानाला त्याचा पत्ताही न लागणं.

दोन वर्षं आठ महिने आधी

जुलै १९८४. सूचना निघते की मुख्य वाहन-डेकवर गाड्या चढवून घेणाऱ्या अधिकाऱ्यानं निघताना पुढचे दरवाजे बंद आहेत याची खात्री करावी. कागदावर हे अगदी चोख आहे. प्रत्यक्षात तिचा अर्थ हळूहळू असा होतो की, दरवाज्याच्या बटणांपाशी असिस्टंट बोसन उभा आहे एवढं अधिकाऱ्यानं बघावं आणि निघावं. दरवाजा बंद होताना बघायची सवय मोडते. माणूस जागेवर दिसला म्हणजे काम झालंच, असं सगळे धरून चालतात.

पावणेदोन वर्षं आधी

जून १९८५. याच कंपनीचा एक कप्तान व्यवस्थापनाला लिहून कळवतो की, दरवाजे उघडे आहेत की बंद हे दाखवणारे दिवे ब्रिजवर बसवा. मागणी रास्त आहे. या बोटींचे पुढचे दरवाजे दोन्ही बाजूंना सरकून उघडतात आणि ब्रिजवरून ते दिसतच नाहीत. कप्तानानं मान कितीही पुढे काढली तरी दार लागलंय की नाही हे त्याला कळणार नाही.

किनाऱ्यावरच्या कचेऱ्यांमधून हा कागद फिरतो आणि त्यावर शेरे येतात. दरवाजे लावण्यासाठी माणूस ठेवला आहे, त्याला पगार देतो, मग वर दिवा कशाला, असा सूर असतो. काही अडचण आलीच तर दरवाजा लावणारा माणूस ब्रिजला कळवेलच, असंही कुणी लिहितं. दिवे बसत नाहीत.

या शेऱ्यातली खोट जीवघेणी होती. दरवाजा लागत नसेल तर माणूस कळवेल, हे खरं. पण माणूस तिथे नसेलच तर कळवणार कोण?

साडेसहा महिने आधी

ऑगस्ट १९८६. झीब्रुगच्या कार्यालयातून अधिकाऱ्यांना अंतर्गत पत्र जातं. त्याचा मथितार्थ असा की, इथून उशिरा सुटणं चालणार नाही. ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी निघायची तयारी ठेवा. गाड्या चढवून होताहेत न होताहेत तोच बोट हलवायची, ही शिस्त होऊन बसते.

याच काळात आणखी एक पेच तयार झालेला असतो. गाड्या चढवून घेणाऱ्या अधिकाऱ्यानं दरवाज्यापाशी थांबणं अपेक्षित आहे. आणि ब्रिजच्या नियमाप्रमाणे त्याच अधिकाऱ्यानं सुटण्याच्या पंधरा मिनिटं आधी वर ब्रिजवर हजर असणंही अपेक्षित आहे. दोन्ही नियम लेखी आहेत, आणि एकच माणूस दोन्ही पाळू शकत नाही. डोव्हर-कॅले मार्गावर या बोटींवर कप्तानाच्या हाताखाली तीन अधिकारी असत. झीब्रुगचा प्रवास साडेचार तासांचा, म्हणजे मधे विश्रांती जास्त, या हिशोबानं तिथे दोघांवर भागवलेलं होतं. पण निघण्याच्या घटकेला लागणारे हात प्रवास लांबल्यानं कमी होत नाहीत.

त्या दिवशी, दुपार

हेरल्ड झीब्रुगच्या १२ नंबरच्या धक्क्याला लागलेली आहे. तिचं नाक धक्क्याकडे आहे आणि पुढचे दरवाजे उघडलेले आहेत.

दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीत ज्यांनी गाडी चढवली आहे त्यांना या कामाची कल्पना येईल: फळी टेकते, गाड्या आत जातात, फळी उचलली की बोट सुटते. हेरल्ड त्याच तत्त्वावर चाले, पण ती बंदिस्त बोट होती. लांबी जवळजवळ १३२ मीटर, आठ मजले, आणि त्यातल्या मुख्य वाहन-डेकवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही आडवी भिंत नाही. गाड्या पुढून आत घ्यायच्या आणि मागून बाहेर काढायच्या, तर मधे भिंत परवडणार नाही. हीच मोकळी लांबलचक जागा पुढे काळ ठरणार होती.

ही बोट मुळात कॅलेच्या धक्क्यासाठी बांधलेली. झीब्रुगचा रॅम्प एकाच मजल्याचा होता आणि मोठ्या भरतीला तो वरच्या वाहन-डेकपर्यंत पोचत नसे. त्यावर तोडगा असा की, पुढच्या बॅलास्टच्या टाक्यांत पाणी भरून बोटीचं नाक खाली दाबायचं. निघताना ते पाणी उपसायला वेळ लागतो. तेव्हा त्या संध्याकाळी बोट सुटली ती पुढच्या बाजूला झुकलेलीच.

बोटीवर ८० कर्मचारी आहेत आणि सुमारे ४६० प्रवासी चढताहेत. त्यांतले पुष्कळजण एका दिवसाच्या सहलीला आलेले. 'द सन' या वर्तमानपत्राच्या योजनेत एका पौंडात बेल्जियमला जाऊन यायचं तिकीट मिळत होतं. वाहन-डेकांवर ८१ मोटारी, ४७ मालवाहू गाड्या आणि आणखी ३ वाहनं लागत आहेत.

असिस्टंट बोसननं बोट धक्क्याला लागल्यावर दरवाजे उघडले आहेत. नंतर डेकची साफसफाई आणि देखभालीची कामं करून घेतली आहेत. बोसन त्याला मोकळा करतो. तो आपल्या केबिनमध्ये जातो आणि पडतो.

सुटण्याच्या आधीची काही मिनिटं

चीफ ऑफिसर खाली वाहन-डेकवर येऊन दुसऱ्या अधिकाऱ्याकडून काम हातात घेतो. शेवटच्या गाड्या चढताहेत. स्पीकरवरून पुकारा होतो: सगळ्यांनी आपापल्या जागी जा, बोट सुटते आहे.

असिस्टंट बोसनला या पुकाऱ्यानं जाग येत नाही.

चीफ ऑफिसरला कामाच्या कपड्यातला एक माणूस गाड्यांमधून दरवाज्याकडे येताना दिसतो. तो असिस्टंट बोसनच असणार, असं तो समजतो. सुटायची वेळ झाली आहे, त्याला ब्रिजवर असायला हवं. तो वर जातो.

दरवाज्यापाशी शेवटचा माणूस उरतो तो स्वतः बोसन. शेवटची गाडी आत आल्यावर तो साखळी ओढून लावतो. दरवाजे त्याच्या डोळ्यांसमोर उघडे आहेत. बाहेर धक्का दिसतो आहे, त्यावरचे दिवे दिसताहेत. पण दरवाजे लावणं हे त्याच्या नेमून दिलेल्या कामांत नाही. पुकारा झालेला आहे, त्याची जागा दुसरीकडे आहे. तोही निघून जातो.

या दोन-तीन मिनिटांशी वाचकानं थोडं थांबावं. तीन माणसांना हे दार लावता किंवा लावून घेता आलं असतं. एक झोपलेला होता. एकाला वाटलं की दुसरा आला आहे. आणि तिसरा तिथे उभा असूनही ते काम त्याचं नव्हतं. यातल्या कुणीही अपघात व्हावा असं काही केलं नाही. प्रत्येकाचं वागणं त्याच्या-त्याच्या जागेवरून रोजच्यासारखंच होतं.

६:०५ – २३ मिनिटं बाकी

हेरल्ड सुटते. ठरलेल्या वेळेहून पाच मिनिटं उशीर झाला आहे.

ब्रिजवर कप्तान उभा आहे. दरवाजे बंद झाल्याचं त्याला कुणीही सांगितलेलं नाही. आणि तसं कुणी सांगायला हवं असं कुठेही लिहिलेलं नाही; उलट लिहिलेलं आहे ते असं: प्रत्येक विभागप्रमुखानं आपल्या विभागात काही उणीव असेल तर ती कप्तानाला लगेच कळवावी, आणि तसा निरोप आला नाही तर सुटण्याच्या वेळी बोट सर्व दृष्टींनी सज्ज आहे असं कप्तानानं धरून चालावं.

कप्तानाला निरोप आलेला नाही. म्हणून, नियमाप्रमाणे, बोट सज्ज आहे.

त्या संध्याकाळी जे घडलं त्याचं मूळ मला या एका कलमात दिसतं. काम झालं असेल तरी शांतता, आणि काम करायला कुणी आलाच नसेल तरी तीच शांतता. दोन्ही बाबतींत वर ब्रिजवर ऐकू येणारं काहीच नाही. ज्या व्यवस्थेत गप्प राहणं म्हणजे होकार समजला जातो, तिथे झोपलेल्या माणसाचाही होकारच धरला जातो.

६:०५ ते ६:२४

बोट नाकानं धक्क्याला लागली होती. त्यामुळे आधी ती मागे सरकते, मग बंदरातच वळते आणि समुद्राकडे तोंड करते. उघडं दार आता पाण्याच्या दिशेला आहे. बंदराच्या आत वेग कमी असतो, पाणी शांत असतं. आत एक थेंबही येत नाही.

वरच्या मजल्यांवर उपाहारगृहांत रांगा लागल्या आहेत. करमुक्त मालाच्या दुकानात गर्दी आहे. मुलं खिडक्यांशी आहेत. प्रवाशांपैकी कुणालाही काही वेगळं जाणवायचं कारण नाही, कारण अजून काही वेगळं घडलेलंच नाही. या एकोणीस मिनिटांत कुणी एकदा खाली जाऊन बघितलं असतं, तरी वेळ गेलेली नव्हती.

६:२४ – चार मिनिटं बाकी

हेरल्ड बंदराच्या बाहेरच्या भिंतीपलीकडे येते आणि मोकळ्या समुद्रात वेग घेते. १८ नॉट्सकडे, म्हणजे ताशी तेहतीस किलोमीटरच्या पुढे, तिची चाल जाते.

वेगानं चालणाऱ्या जहाजापुढे पाण्याची लाट उभी राहते. वेग वाढेल तशी ती उंच होते. पाणी उथळ असेल तर जहाज खाली बसतंही. त्यात टाक्यांतल्या पाण्यानं हिचं नाक आधीच खाली. पुढे चौकशीसाठी सख्ख्या बहिणीसारख्या असलेल्या 'प्राइड'वर याच वेगाची चाचणी घेतली, तेव्हा लाट दरवाज्यांवर किती वर चढते ते दिसून आलं. प्राइडचे दरवाजे अर्थातच बंद होते. हेरल्डच्या बाबतीत त्या जागी मोकळं भगदाड होतं.

पाणी आत येतं आणि मुख्य वाहन-डेकवर पसरतं. ज्या डेकवर एकही आडवी भिंत नाही, त्या डेकवर.

पाणी किती आलं यापेक्षा ते कसं हललं यानं बोटीचा घात केला. परातीत बोटभर पाणी घेऊन चालून पाहा. हात जरासा कलला की सगळं पाणी त्याच कडेला धावतं आणि परात आणखी तिकडेच ओढते. हेरल्डच्या डेकवर शेकडो टन पाण्यानं हेच केलं. बोट डावीकडे किंचित झुकली, पाणी डावीकडे गेलं, त्या वजनानं ती आणखी झुकली.

शेवटचं दीड मिनिट

बोट सुमारे तीस अंश डावीकडे कलंडते. क्षणभर तिथेच थांबते. टेबलं, खुर्च्या, कपाटं, माणसं घसरत डाव्या भिंतीकडे जातात. केबिनमध्ये झोपलेला असिस्टंट बोसन बिछान्यातून खाली फेकला जातो.

मग ती पुढे कलंडत जाते. झपाट्यानं उजवीकडे वळते आणि डाव्या कुशीवर आडवी होते.

६:२८

समुद्र तिथे उथळ होता म्हणून डावी कूस तळाला टेकली आणि बोट पुरती बुडाली नाही. उजवी बाजू पाण्याबाहेर राहिली. खोल समुद्रात हे घडलं असतं तर मृतांचा आकडा कुठे गेला असता, याची कल्पनाच करवत नाही.

संकटाचा इशारा द्यायलाही वेळ मिळाला नाही. दिवे गेले. आतली माणसं जिला आधी भिंत म्हणत होती ती आता जमीन होती, आणि जमीन ती भिंत. रुंदीच्या दिशेनं जाणारे मार्ग सरळ खोल विहिरी झाले. खिडक्या डोक्यावर होत्या. पाणी तीन अंश सेल्सियसच्या आसपास. अशा पाण्यात हातपाय काही मिनिटांत निकामी होतात, आणि पुष्कळांचा जीव बुडण्याआधी गारठ्यानं गेला.

जवळ काम करणाऱ्या एका ड्रेजरवरच्या लोकांना या बोटीचे दिवे नाहीसे होताना दिसले. त्यांनी लगेच बंदराला कळवलं. बेल्जियमच्या नौदलाची जहाजं जवळपास होती, हेलिकॉप्टर अर्ध्या तासात पोचली. आत अँड्र्यू पार्कर नावाच्या एका प्रवाशानं पाण्यानं भरलेल्या एका दरीवर स्वतःला आडवं झोकून पूल केला. त्याच्या अंगावरून त्याची बायको, मुलगी आणि आणखी बरेचजण पलीकडे सुखरूप गेले. त्याला पुढे जॉर्ज पदक मिळालं. त्या रात्री तीनशेहून अधिक माणसं जिवंत बाहेर निघाली ती अशा अनेकांच्या हिमतीमुळे.

नंतरचे दिवस, महिने, वर्षं

अपघातानंतर अवघ्या काही दिवसांत कंपनीच्या उरलेल्या बोटींच्या ब्रिजवर दरवाज्यांचे दिवे बसले. जवळजवळ दोन वर्षं कागदावर अडकलेलं काम काही दिवसांत झालं.

न्यायमूर्ती शीन यांचा अहवाल जुलै १९८७ मध्ये आला. कप्तानाचा परवाना एका वर्षासाठी आणि चीफ ऑफिसरचा दोन वर्षांसाठी निलंबित झाला. पण दोष या तिघा-चौघांपाशी संपत नाही, हे अहवालानं स्पष्ट सांगितलं. कंपनीला वरपासून खालपर्यंत ढिसाळपणाची लागण झालेली होती, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मृत्यूच्या चौकशीतल्या ज्युरीनं या मृत्यूंना बेकायदेशीर हत्या ठरवलं. कंपनीवर आणि अधिकाऱ्यांवर भरलेला सदोष मनुष्यवधाचा खटला मात्र १९९० मध्ये निर्दोष मुक्ततेनं संपला.

नियम बदलले. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारात सुधारणा झाली आणि दरवाज्यांची स्थिती ब्रिजवर दिसण्याची सोय गाड्या चढवून नेणाऱ्या प्रवासी रो-रो बोटींना सक्तीची झाली. जहाजाच्या सुरक्षिततेला किनाऱ्यावरची कंपनीही बांधील असते, हे लेखी ठरवणारी आंतरराष्ट्रीय संहिता १९९३ मध्ये स्वीकारली गेली आणि प्रवासी जहाजांना ती १९९८ पासून लागू झाली. या सगळ्याचं सार एवढंच: दार लागलं की तसं सांगायचं. तसं कळेपर्यंत निघायचं नाही.

तुमच्या चाकांवरच्या घराची घटका

अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबं आता सुट्टीत मोटरहोम भाड्यानं घेऊन यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन गाठतात. महाराष्ट्र सरकारनंही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि कोकणात नि सह्याद्रीत अशा गाड्या दिसू लागल्या आहेत. यांतल्या बहुतेकांनी हे वाहन आधी कधी चालवलेलं नसतं. त्यांच्यासाठी हेरल्डची ती संध्याकाळ मला फार जवळची वाटते, कारण तिथे जमलेली चारही माणसं प्रत्येक मुक्कामावर निघताना हजर असतात.

झोपलेला असतो: ज्याच्याकडे अँटेना खाली घ्यायचं काम होतं तो मुलगा मागे कानात हेडफोन घालून पडलेला. वरवर पाहून समाधान मानणारा असतो: ट्रेलरच्या जोडापाशी कुणी वाकलेलं दिसलं, म्हणजे पिन बसलीच, असं समजणारा. आपलं काम नाही म्हणणारी असते: स्वयंपाकघर आवरून झालं, बाहेरची कामं यांची, म्हणून डोळ्यांसमोर बाहेर राहिलेली पायरी पाहूनही आत जाऊन बसणारी. आणि चालकाच्या जागेवर बसलेला असतो, ज्याला यांतलं काहीच दिसत नाही आणि ज्यानं शांततेचा अर्थ 'सगळं झालं' असा घेतलेला असतो.

जॅक खाली राहिले तर त्यांचं नि चेसिसचं नुकसान. अँटेना वर राहिली तर पहिल्याच फांदीला किंवा पुलाला ती जाते. पण ट्रेलरचा जोड नीट बसला नसेल तर महामार्गावर सुटलेला ट्रेलर मागच्या गाडीतल्या माणसांवर जातो, आणि तिथे गोष्ट नुकसानीची राहत नाही. म्हणूनच त्या जोडाला पिन आहे, तिच्याखाली एकमेकींवर तिरक्या टाकलेल्या साखळ्या आहेत, आणि त्याहीपुढे एक बारीक तार आहे: ट्रेलर सुटलाच तर ती ताणली जाऊन आतली खिट्टी निघते आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. तीन आडकाठ्या. तिन्ही निघण्यापूर्वी कुणीतरी हातानं लावलेल्या असाव्या लागतात.

विमानवाल्यांना हे फार आधी उमगलं. ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत डेटनजवळ बोइंगचं नवं चार इंजिनांचं विमान उड्डाण करताच कोसळलं. जमिनीवर वाऱ्यानं हलू नये म्हणून शेपटीचे भाग अडकवून ठेवतात, ती अडकवण काढायची राहिली होती. दोघांचा जीव गेला. वैमानिक अनुभवी होता; विमान एकट्याच्या आठवणीत मावेल एवढं सोपं राहिलं नव्हतं. त्यातून निघण्यापूर्वीच्या कामांची लेखी यादी रूढ झाली, आणि ती मोठ्यानं वाचून, दुसऱ्यानं उत्तर देऊन पूर्ण करायची पद्धत पुढे पडली.

घरासाठी त्यातून चार गोष्टी घ्याव्यात, असं मला वाटतं.

पहिली, यादीतल्या प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचं नाव लिहावं. 'आपण करू' असं काम कुणाचंच नसतं.

दुसरी, काम झालं की करणाऱ्यानं तोंडानं सांगावं: "जॅक वर घेतले, मी पाहिले." न बोलणं म्हणजे काम बाकी, असंच समजावं. कुणी निरोप द्यायला आलं, फोन वाजला, काम मधेच सुटलं, तर ते काम पहिल्यापासून करावं.

तिसरी, ज्याला चालवायचं आहे त्यानं गाडीत बसण्यापूर्वी तिच्याभोवती स्वतः एक पूर्ण फेरी मारावी. जोडापाशी वाकून हात लावावा, साखळी ओढून बघावी, ट्रेलरचे मागचे दिवे लागतात का ते कुणाला तरी उभं करून विचारावं. हेरल्डच्या कप्तानाला ही फेरी शक्य नव्हती. आपल्याला शक्य आहे.

चौथी, जे चालकाला दिसत नाही त्याची खूण त्याच्यासमोर आणावी. अँटेना वर केली की स्टिअरिंगला एक लाल पट्टी अडकवायची आणि ती खाली घेतल्यावरच काढायची, ही अनेक मोटरहोमवाल्यांची साधी रीत आहे. हेरल्डच्या ब्रिजवर जो दिवा नव्हता, तोच हा दिवा.

हे सगळं करायला पाच-दहा मिनिटं जास्त लागतील. बरोबरची मंडळी कंटाळतील, मुलं "चला ना" म्हणतील. तरी विचारावं, उत्तराची वाट बघावी, आणि उत्तर आलं नाही तर उतरून बघावं. उशीर झाला तर पुढच्या मुक्कामाला उशिरा पोचू, एवढंच होईल.